सांडव्याच्या मोऱ्या

नवा पूल वाहता झाला त्याच आठवड्यात सासूबाईंच्या पातळाचा काठ ओला दिसला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. नोकरीची सगळी वर्षं शाळेत गेली आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरगं पाणी प्यायला उठलं तरी मी त्याच्या मोज्यांकडे बघायची. नवरा मिळाला तोही तसाच. हे नाशिक रोडला प्रेसमध्ये होते, नोटा छापतात तिथं. रिटायर झाले तरी भाजीवाल्यानं परत दिलेली नोट उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय खिशात घालत नाहीत. भाजीवाला आता आम्हाला सुटे पैसेच देतो. घरात त्यातल्या त्यात सरळ माणूस म्हणजे सासूबाई, असं मी धरून चालले होते.

पुलावर तर आमच्या गल्लीत कोणाचाच विश्वास नव्हता. कुंभ तोंडावर आला की गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, काही ना काही बांधायला काढतात, हे आम्ही जन्मभर बघत आलोय. वरच्या अंगाला, चालत जायला लांब, ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल आहे, तो इतके पूर बघूनही जागचा हललेला नाही. खालच्या अंगाला आमचा सांडवा. सांडवा म्हणजे नदीच्या पात्रात, पाण्याच्या जेमतेम वर बांधलेली दगडी वाट. खालून पाणी जायला मोऱ्या, वरून माणसं. या दोघांच्या मध्ये हा नवा, उंच, पांढऱ्या खांबांचा उभा राहिला. एवढा भरभर उभा राहिला, हेच लोकांना खटकलं. शेजारचे काका म्हणाले, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागू द्या एकदा, मग बघू हा पूल आहे का मंडप." नाशकात पुराचं माप घाटावरच्या त्या मारुतीच्या अंगावरच घेतात.

उद्घाटनाची तारीख काही ठरेना. मोठ्या पाहुण्यांना सवड नव्हती. मग एका सकाळी दूधवाल्यानं आडवा लावलेला पत्रा बाजूला सारून मोटरसायकल घातली, त्याच्या मागं शाळेची पोरं गेली, आणि दुपारपर्यंत पूल चालू झाला. फीत नंतर कापायची ठरलं.

त्या रात्रीच्या जेवणाला ह्यांनी फर्मान काढलं. "आई, आता पूल झालाय. पुलावरूनच जायचं. पावसाचे दिवस आहेत, सांडव्यावर पाऊल टाकायचं नाही. टाकलंस असं कळलं तर जाणंच बंद."

सासूबाईंनी भाकरीचा घास मोडत मान डोलावली. "बरं बाबा. पुलावरून जाईन."

त्यांचं जाणं म्हणजे पंचवटीत, धाकट्या बहिणीकडं. दोघी दिंडोरीकडच्या, एकीला गंगेच्या या काठाला दिली, दुसरीला त्या काठाला. दोन वर्षांपूर्वी मावशींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. मावशींचे केस मात्र अजून कमरेखाली येतात, आणि म्हातारपणीही निम्मे काळे. त्यांच्या सुनेनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, "माझी नोकरी आहे, मला वेणीफणी जमायची नाही. तुमच्या सासूबाई रोज येणार असतील तर ठेवते केस, नाहीतर कापून टाकते. आईंनाच मोकळं वाटेल." सून वाईट नाही, तिचंही बरोबर होतं. पण मावशींनी ते ऐकलं तेव्हा डाव्या हातानं केसांचा शेपटा छातीशी धरून ठेवला होता. तेव्हापासून सासूबाई रोज दुपारी चहा झाला की निघायच्या, फणी नि खोबरेल तेलाची बाटली पिशवीत घालून, आणि दिवेलागणीच्या आत परत यायच्या. एक दिवस चुकवला नाही.

आणि आता काठ ओला.

कॉपी पकडायची असेल तर पहिल्यांदाच अंगावर धावून जायचं नसतं. दुसऱ्या दिवशी चपला बघितल्या. टाचेला शेवाळ. पुलावर कुठलं शेवाळ? तिसऱ्या दिवशी पाऊसही नव्हता, तरी काठ चांगला वीतभर भिजलेला. त्यांनी आल्या आल्या पातळ बदललं आणि ओलं स्वतः पिळून गॅलरीत टाकलं. एरवी पातळ पिळताना मनगट दुखतं म्हणून मला हाक मारायच्या.

मी चहा देता देता सहज विचारल्यासारखं केलं. "काय आई, कसा आहे नवा पूल?"

"लय ऐसपैस हाय. वारा येतो."

"कठड्याला रंग कुठला दिलाय हो? मी बघितला नाही अजून."

त्या जराशा थांबल्या. "हिरवा," म्हणाल्या.

कठडा केशरी होता. भडक केशरी, आमच्या गच्चीवरूनसुद्धा दिसायचा.

म्हणजे पुलावर पाऊलच ठेवलेलं नाही. मला एकदम सगळं कळलं असं वाटलं, आणि रागही आला. अहो, मुलगा काळजीनं सांगतो, तुम्ही तोंडावर हो म्हणता आणि त्या निसरड्या दगडांवरून जाता! आणि खोटं बोलता ते वर इतक्या शांतपणे! मग माझी गाडी भलतीकडंच निघाली. सांडव्यावर काय आहे? कोण भेटतं? सांडव्याच्या तोंडाशी त्यांच्या ओळखीच्या दोघी-तिघी बसतात, तिथं माझ्या चुगल्या चालत असतील. लोणकढ्या तुपाची बरणी एवढ्यात तळाला कशी गेली, हेही मला त्याच वेळी आठवलं. संशयाला एकदा जेवायला वाढलं की तो उठत नाही.

ह्यांना सांगितलं असतं तर जाणं त्याच दिवशी बंद झालं असतं. मला आधी पुरावा हवा होता. म्हणून एका रविवारी दगडी पुलावरून रिक्षानं मावशींकडं जाऊन आले, भेटायला म्हणून. मावशी खाटेवर बसलेल्या होत्या. वेणी घट्ट, सुरेख, पण भांग नागमोडी. कपाळाच्या मधोमध सुरू होऊन डाव्या कानाकडं घसरलेला. मावशींच्या सुनेनं माझी नजर पकडली.

"हल्ली असंच चाललंय, वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली. "मन नसतं तुमच्या सासूबाईंचं. उरकतात आणि जातात. मी म्हटलं, एवढा कंटाळा आला असेल तर राहू द्या. कापूनच टाकू."

खाटेवरून मावशींनी जोरात मान हलवली. नाही, नाही. काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होत्या, पण शब्द आला तो नुसता "ता... ता..." ताई म्हणायचं असेल. मला वाटलं, बहिणीची बाजू घेतायत. घेणारच.

घरी येताना माझं पक्कं झालं. सासूबाई घाईनं वेणी उरकतात आणि उरलेला वेळ कुठंतरी घालवतात.

मग उद्घाटनाची तारीख लागली. श्रावणातली दुपार होती. सकाळपासून त्र्यंबकच्या बाजूला आभाळ काळं झालेलं, पण आमच्याकडं नुसती भुरभुर. पुलावर मंडप, कमान, ढोलताशांची दोन पथकं, आणि एका टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर. चहा झाल्यावर सासूबाईंनी पिशवी उचलली.

"आज राहू द्या ना आई, गर्दी आहे पुलावर."

"जाऊन येते. ती वाट बघत असंल."

त्या बाहेर पडल्या आणि मी भाजी आणायच्या निमित्तानं मागं निघाले. आमच्या गल्लीतून उतरलं की रस्ता फुटतो, डावीकडं पुलाचा चढ, उजवीकडं सांडव्याचा उतार. त्या उजवीकडं वळल्या. वळताना भिंतीला हात लावून वळल्या, तेही मी बघितलं, आणि त्याचा अर्थ लावला की पाय दुखत असतील. मी डावीकडं, पुलावर गेले. वरून सगळं पात्र दिसतं. कोण भेटतं, किती वेळ बसतात, सगळं एका नजरेत. परीक्षेच्या हॉलमध्ये मी नेहमी मागच्या भिंतीशी उभी राहायची, ते याचसाठी.

पुलावर उभं राहायला जागा नव्हती. कोणाच्या तरी कोपराखालून वाट काढत कठड्याशी पोचले. केशरी रंग ओला होता का काय, साडीला लागला. खाली बघितलं.

सासूबाई सांडव्याच्या मध्यावर उभ्या होत्या. एकट्या.

कोणी भेटायला आलेलं नव्हतं. सांडव्याच्या तोंडाशी रोज बसणाऱ्या बायकासुद्धा आज उद्घाटन बघायला वर आल्या होत्या. पाणी गढूळ, चहासारखं, आणि सकाळपेक्षा चढलेलं. सांडव्याच्या दगडांना वरच्या अंगाने टेकलं होतं. मधले खचलेले दगड तर पाण्याखालीच गेले होते. आणि त्या तिथं, त्या दगडांच्या एक पाऊल अलीकडं, मान एका बाजूला तिरकी करून उभ्या. पुढं जाईनात, मागं येईनात.

माझ्या शेजारी ढोल बडवत होते, पुलाचा कठडा हाताखाली थरथरत होता, आणि मला एकदम लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवला. मी पुण्याची. नदी म्हणजे पुलावरून बघायची गोष्ट. सासूबाई मला घेऊन याच सांडव्याशी आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पाण्याकडं बघू नको, गरगरतं. आधी ऐकायचं. मोऱ्या बोलतात तोवर चालायचं. मोऱ्या गप्प झाल्या की त्या तोंडापर्यंत भरल्या, आता पाणी वरून येणार. मग घरी सोनं ठेवलेलं असलं तरी पाऊल टाकायचं नाय." आणि खरंच, दगडांखाली मोऱ्या खळखळत होत्या, एकेकीचा आवाज निराळा. सासूबाईंना त्यांच्या आईसारख्या सासूनं हेच शिकवलेलं होतं. मी ते पुढं कोणाला शिकवलं नाही, कारण आमच्या पोरांनी स्कूटरवरूनच नदी ओलांडली.

त्या ऐकत होत्या. मान तिरकी करून मोऱ्या ऐकायचा प्रयत्न करत होत्या, आणि वर आम्ही एवढा गोंगाट घातला होता की त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मोऱ्या गप्प झाल्यात, का नुसत्या ऐकू येत नाहीत?

पण पाणी तर समोर दिसत होतं. पायाशी होतं. डोळे असलेलं कोणीही खाली बघून मागं फिरलं असतं.

तेव्हा एकेक जुळत गेलं. हिरवा कठडा, वाकडा भांग, भिंतीला लावलेला हात. सगळी उत्तरं माझ्यासमोर होती आणि मी ती चुकीच्या प्रश्नाखाली लिहीत बसले होते.

मी कशी उतरले ते आठवत नाही. माणसं ढकलली, कोणीतरी "ओ काकू!" म्हणून ओरडलं. सांडव्यावर पाय टाकला तेव्हा पाणी चपलेत आलं. चपला तिथंच सोडल्या. "आई! आई, हलू नका!" मी ओरडत होते, पण ढोलापुढं माझा आवाज तो काय. जवळ जाऊन दंड धरला तेव्हा त्या दचकल्या आणि त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली.

"मी आहे, आई."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणजे तोंड असायला हवं तिथं, माझ्या कानाच्या जरा बाजूला. "मोऱ्या गप झाल्यात का गं? काय वाजतंय हे एवढं? मला काय ऐकूच येईना."

"गप्प झाल्यात. मागं फिरा."

"मग तिची येणी?"

त्या गढूळ पाण्यात उभ्या राहून त्यांना वेणीची पडली होती. मला रडू फुटलं. रागही आला, तो कोणाचा ते सांगता येत नाही. मी त्यांना ओढतच काठावर आणलं. पायरीवर बसवलं. मी मागं वळून बघितलं तोवर त्या उभ्या होत्या त्या दगडावरून पाणी सरसर वाहायला लागलं होतं.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"दिसतं की. कडेकडेचं जातंय नुसतं. मधलं दिसतं, नळीतून बघावं तेवढं, तेही धुरकट, रंगबिंग काय कळत नाय. ऊन असलं की जरा बरं." मग पातळाचा काठ पिळत म्हणाल्या, "गेले होते मी पुलावर. पहिल्याच दिवशी. खोटं नाय बोलले. पण गाड्या कुठून येतात ते कळंना. अंगावर येऊन हॉर्न मारतात. एकानं आज्जे मरायचंय का म्हणून विचारलं. सांडव्यावर कसं, पायाला दगड ठाऊक हाय आणि कानाला पाणी. इथं मी चुकत नाय."

"सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितलं असतं तर त्यानं जाऊ दिलं असतं का?"

नसतंच जाऊ दिलं. आणि मी पुरावा हातात घेऊन पहिली उभी राहिले असते.

पलीकडं फटाके वाजले, म्हणजे फीत कापली गेली असणार. मी त्यांना घेऊन पुलाचा चढ चढले. गर्दी होती म्हणून गाड्या बंद होत्या, तेवढं एक बरं. पुलाच्या मधोमध कोणीतरी आमच्या हातावर पेढे ठेवले. सासूबाईंनी त्यांचा पेढा पदराच्या टोकात बांधला, बहिणीसाठी.

मावशींकडं पोचलो तर उशीर झालेला. सून कामावरून आलेली होती, आणि मावशींचे केस मोकळे, उशीवर पसरलेले. त्यांनी दारातच आमच्याकडं बघितलं आणि डावा हात पुढं केला. सासूबाई खाटेवर मागं बसल्या, फणी काढली. आणि मावशींनी तो डावा हात डोक्यावर नेऊन मोठ्या बहिणीचं बोट धरलं, कपाळाच्या मधोमध ठेवलं. इथून. मग हात खाली आला. पुढचा भांग सासूबाईंनी आपल्या अंदाजानं काढला. तो घसरला. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सांगायचं म्हटलं तरी त्या कोणाला सांगणार होत्या? आणि सांगितलं असतं तर आपली ताई यायची बंद झाली असती.

मी सुनेला दाराबाहेर नेऊन सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. केसांचा विषय नंतर निघाला नाही.

घरी हे वाटच बघत होते. "आई पुलावरून गेली ना? पाणी चढलंय म्हणे."

"पुलावरूनच आलो आम्ही दोघी," मी म्हणाले. ते खरंच होतं. डोळ्यांचं सांगितलं, सांडव्याचं नाही. ह्यांनी नोट बघावी तसं माझ्याकडं बघितलं, पण सोडून दिलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे तेवढी थेंबांनी राखायची. ह्यांनी थेंबांची बाटली उजेडाकडे धरून बघितली. मग काय म्हणणार ते मला माहीत होतं, तेच म्हणाले, "आता जाणं बंद."

"बंद का? मी नेते रोज."

"रोज?"

"रोज."

मला वाटतं, माझ्यावर ह्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. पण नेते. आता दुपारी चहा झाला की आम्ही दोघी निघतो. फुटलेल्या रस्त्याशी आलं की सासूबाईंचे पाय आपोआप उजवीकडं वळतात, मग मी त्यांना डावीकडं घेते. रस्त्याच्या अंगाला मी, कठड्याच्या अंगाला त्या. पुलावर त्यांना करमत नाही. एवढ्या वरून मोऱ्या ऐकू येत नाहीत, हीच त्यांची तक्रार. पुराचं म्हणाल तर यंदा पाणी मारुतीच्या गुडघ्यालाच लागून गेलं, त्यामुळे पुलावर आमच्या गल्लीचा अजून भरवसा नाही. माझाही नाही. मोठा ट्रक गेला की पायाखाली काहीतरी हलतं.

परवा मधोमध आल्यावर त्या थांबल्या. कठड्यावरून हात फिरवला.

"त्या दिवशी तू मला याचा रंग विचारला होता."

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"हिरवा."

"मग? कुठला हाय?"

खाली सांडवा पाण्याबाहेर आलेला होता, दगड उन्हात वाळत होते. माझ्या डोळ्यांसमोर तो भडक केशरी कठडा, आणि त्यावर त्यांचा हात.

"हिरवाच आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान एका बाजूला तिरकी केली, मोऱ्या ऐकायच्या तशी. मग "बरं" म्हणाल्या आणि माझा हात धरून चालू लागल्या.